तेरड्याचा रंग तीनच दिवस का?

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण अल्पजीवी उत्साहाला हिणवण्यासाठी वापरतो. म्हण रूढ झाली खरी. परंतु ती तेरड्याला न्याय देणारी नाही. त्याचे एकेक फूल अल्पायुषी असले, तरी पावसाळ्यात डोंगरउतारावर कमरेएवढे वाढलेले रोप कित्येक आठवडे नवी फुले देत राहते. तीन दिवसांचा हिशेब लागू पडतो तो शहरवासीयांच्या आस्थेला. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात तेव्हा तेरडा घरात येतो. मूळ नक्षत्रावर त्यांचे विसर्जन झाले, की तो आपल्या स्मरणातूनही जातो.

लोअर परळच्या चाळींना तरी हे शोभणारे नाही. गिरण्यांत कामाला आलेल्या कोकणी माणसाने गौरी-गणपतीचा कुळाचार एका खोलीच्या बिऱ्हाडातही निष्ठेने सांभाळला. कोकणातील अनेक घरांत तेरड्याचीच गौर मांडतात. रोप मुळासकट आणायचे, कारण ती मुळे म्हणजे गौरीची पावले, अशी श्रद्धा आहे. गावी ही रोपे घराजवळच्या रानातून येत. मुंबईकर ती दादरच्या बाजारात जुडीने विकत घेतो. तेरडा ही एका पावसाळ्याची वनस्पती आहे. तिचे पुढील वर्ष सर्वस्वी बियांवर अवलंबून असते. ऐन फुलोऱ्यात उपटलेले रोप बी धरीत नाही. एका गावाने गरजेपुरती रोपे घेतली तर रान ओसाड होत नाही; महानगराची मागणी ही मात्र निराळी गोष्ट आहे.

या फुलाची रचना पाहण्याजोगी आहे. मागे वळलेल्या बारीक नळीच्या टोकाशी मध असतो. फूल उमलते तेव्हा पुंकेसर एकत्र जुळून टोपीसारखे स्त्रीकेसरावर बसलेले असतात. मधासाठी आलेल्या माशीच्या अंगाला पराग लागतो. पुढे ती टोपी गळून पडते आणि स्त्रीकेसर उघडा होतो. अशा फुलाला पराग हवा असतो तो दुसऱ्या, नुकत्याच उमललेल्या फुलाचा. आणि तो आणून देण्याचे काम मधमाश्या व फुलपाखरे करतात. फळ पक्व झाले की किंचित स्पर्शानेही तडकते आणि बिया काही फुटांवर भिरकावल्या जातात. त्यांना रुजण्यासाठी माती मात्र हवी.

गिरणगावात दुर्मिळ झाली आहे ती हीच माती. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्यांची धुराडी एकेक करून थंडावली. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी द्यावा, असे ठरविले होते. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरता उरला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. गिरण्यांच्या आवारात आज कचेऱ्या, दुकाने आणि उत्तुंग इमारती उभ्या आहेत. त्यांच्या अंगणातील परदेशी झुडपे बहुधा शोभेपुरती असतात. मधमाशीला त्यांचा फारसा उपयोग नाही.

अशा स्थितीत एक साधा उपाय आपल्या हाती आहे. गौरीचा तेरडा घरीच वाढवावा. जूनमध्ये, पहिला पाऊस झाल्यावर, तळाला भोके पाडलेल्या तेलाच्या डब्यात माती व शेणखत भरून बी पेरावे. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. दाटी झाल्यास रोपे विरळ करावीत, ऊन मिळेल अशा ठिकाणी ठेवावीत, पाणी साचू देऊ नये. दीड-दोन महिन्यांत फुले येऊ लागतात, म्हणजे गौरीचा मुहूर्त साधतो. बी घेताना एकेरी फुलांच्या रानजातीचे घ्यावे. दाट पाकळ्यांच्या बागायती प्रकारांत माशीला मधापर्यंत पोचणे अवघड जाते. कीटकनाशक तर फवारूच नये. पूजेसाठी दोन रोपे घेतली, तर दोन उभी ठेवावीत. फळे फुगून पिवळसर दिसू लागली, की त्यांवर फडक्याची लहान पिशवी बांधावी; पुढील वर्षाचे बियाणे घरातच जमते.

गॅलरीतल्या चार डब्यांनी काय साधणार, असा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. गेलेली जमीन त्यांनी परत येणार नाही, हे उघड आहे. परंतु त्याच चाळीत कोणी काकडीचा वेल चढवला असेल, तर त्याची नर व मादी फुले वेगळी असतात आणि मधमाशी आल्याखेरीज सहसा फळ धरत नाही. तेरड्यावर आलेली माशी त्या वेलावरही जाईल. शाळेच्या आवारात एक वाफा केला, तर परागीभवनाचा धडा फळ्यावर काढण्याऐवजी शिक्षकांना तो प्रत्यक्ष दाखविता येईल. चाळींच्या जागी नव्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांच्या गृहसंस्थांनी अंगणाचा एक कोपरा उघड्या मातीचा ठेवावा, हा आग्रह रहिवाशांनी आताच धरला पाहिजे. एकदा फरशी बसली, की ती उखडून माती मोकळी करायला सहसा कोणी तयार होत नाही.

गौर ही माहेरवाशीण मानली जाते. तिला निरोप देताना पुढल्या वर्षी येण्याचे आमंत्रण आपण देतो. त्या आमंत्रणाबरोबर चार बिया जपून ठेवल्या, तर ते खरे ठरेल.