माझ्या नातवाची बोली

आमच्या जालन्याला जुनी माणसे अजून 'सोने का पालना' म्हणतात. व्यापाराचे गाव. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी गुरांच्या बाजाराला जाई. बैलाचा सौदा तोंडाने ठरत नसे. दलाल हातांवर उपरणे टाकी आणि त्याच्या आड बोटांची दाबादाबी चाले. चार बोटे धरली म्हणजे चारशे की चार हजार, ते ज्याचे त्याला ठाऊक! भोवती पन्नास माणसे उभी असली तरी भाव कळे तो दोघांनाच. हातांची भाषा म्हणतात ती एवढीच, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

ती समजूत माझ्या नातवाने मोडली.

माझी मुलगी अंबडला दिली आहे. तिचा धाकटा मुलगा जन्मतः बहिरा. तीन वर्षांचा होईतो 'उशिरा बोलेल' म्हणून आम्ही मनाची समजूत घालीत होतो. पुढे कानांची तपासणी झाली आणि सारे उघड झाले. एका डॉक्टरांनी बजावले, "हातवारे अजिबात करू नका. सवय लागली तर हा बोलायला शिकायचा नाही." आम्ही पडलो आज्ञाधारक मंडळी! पोराने हात उचलला की त्याची आजी तो हळूच खाली करी. कानाला यंत्र लावले. काही मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो. आमच्या मुलाला फारसा झाला नाही. मग तो आमच्या ओठांकडे टक लावून बघे आणि आम्ही ओठ ताणताणून बोलत असू. वाचकहो, आरशासमोर उभे राहून 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' हे तीन शब्द आवाज न काढता म्हणून पाहा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात! त्या पोराने कोणाला काय समजावे?

सातव्या वर्षी त्याला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातले. त्या वर्षीच्या दिवाळीला तो माझ्याकडे आला. नरक चतुर्दशीच्या पहाटे आजी तेल लावू लागली, तर हा तिला जवळ येऊ देईना. रडायला लागला. पुन्हा पुन्हा कानाकडे बोट दाखवी. आम्हाला वाटले, 'मला ऐकू येत नाही' असे सांगतो आहे. ते का आम्हाला ठाऊक नव्हते? मी त्याला हट्टी म्हटले, डोळे वटारले. तिसऱ्या दिवशी कानातून पू आला तेव्हा कळले, की पोराचा कान ठणकत होता.

बत्तीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवले. कर्तरी, कर्मणी, भावे प्रयोग पोरांकडून घोकून घेतले. आणि माझ्याच घरात, 'बाळा, दुखते का?' एवढे विचारायला माझ्यापाशी शब्द नव्हता.

त्याच सुट्टीत भोकरदनकडचा त्याचा एक शाळूसोबती भेटायला आला. दोघे अंगणात समोरासमोर बसले आणि दोन तास त्यांचे हात थांबले नाहीत. मध्येच खो खो हसत, मध्येच भांडत. घरात आम्ही आठ माणसे, पण मुका कोणी असेल तर आम्हीच होतो!

तेव्हापासून मी विद्यार्थी झालो. दिल्लीला 2015 साली भारतीय सांकेतिक भाषेचे सरकारी संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे. त्याचा शब्दकोश 2018 साली तीन हजार शब्दांचा निघाला आणि 2021 पर्यंत दहा हजारांवर गेला. एकेका शब्दाची चित्रफीत मोबाइलवर बघायची आणि सुट्टीत नातवाकडून तपासून घ्यायची. मास्तर मोठा कडक! चुकले की मान हलवतो आणि माझी बोटे धरून सरळ करतो.

सोप्या खुणा पटकन येतात. नमस्काराला हात जोडायचे. जेवणाला पाची बोटे जुळवून तोंडाकडे न्यायची. पुरुष म्हणजे मिशी. बाई म्हणजे नाकाच्या कडेला, चमकीच्या जागी बोट. पण नुसते शब्द म्हणजे भाषा नव्हे. या भाषेला व्याकरण आहे, हे कळले तेव्हा माझ्यातला मास्तर जागा झाला. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: 'तू जाणे कुठे?' नकारही शेवटी. 'हो-नाही'चा प्रश्न असेल तर भुवया वर जातात. चेहरा कोरा ठेवून हात हलवले, तर ते बोलणे अर्धेच राहते.

मला वाटे, खुणा साऱ्या जगात एकच असतील. तेही खोटे ठरले. इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या बहिऱ्यांना एकमेकांची भाषा समजत नाही. 1816 साली लोराँ क्लेर्क हा पॅरिसचा बहिरा शिक्षक अमेरिकेस गेला आणि 1817 मध्ये हार्टफर्डला शाळा निघाली. म्हणून अमेरिकन खुणांचे गोत्र फ्रेंच खुणांशी जुळते. अमेरिकेत इंग्रजी अक्षरे एका हाताने काढतात. इंग्रजांकडे आणि आपल्याकडे दोन्ही हातांनी. डाव्या हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत क्रमाने बोट लावले, की इंग्रजीचे पाच स्वर झाले! जपानात पुरुष म्हणजे वर केलेला अंगठा आणि बाई म्हणजे करंगळी. आपली मिशी आणि चमकी तिथे कोणाला कळणार? आपल्या देशातही मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही खुणा निराळ्या, पण वाक्याची घडण बहुतेक एकच. वऱ्हाडी आणि कोकणपट्टीतल्या माणसांचे जसे चालते, तसेच हे.

ही भाषा कोणी बनवून दिलेली नाही. निकाराग्वा देशात 1970 नंतरच्या दशकाच्या अखेरीस बहिरी मुले प्रथमच मोठ्या संख्येने शाळेत एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला शिकवीत होते. मुलांनी मात्र आपापसांत एक नवी भाषाच उभी केली! उलट 1880 साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव केला, की खुणा बंद, शिकवणे तोंडीच. त्या ठरावाने पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात बांधून ठेवले. 2010 साली व्हँकुव्हरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला. आमच्या डॉक्टरांचा सल्ला एवढ्या लांबून आणि एवढा जुना होऊन अंबडला पोहोचला होता!

आता एक गोष्ट कबूल करतो. माझ्याकडे बघून हा मुलगा एक बोट नाकावरून वर सरकवी. चष्मा सावरण्याची माझी सवय आहे. तो मला वेडावतो असे वाटून मी एकदा रागावलोही होतो. त्याच्या सोबत्याने मागाहून कागदावर लिहून दिले: 'आजोबाचे नाव.' बहिरी मंडळी माणसाला असे खुणेचे नाव देतात. तो मला हाका मारीत होता, आणि मी ओ देत नव्हतो.

तुमच्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत असे एखादे मूल असेल तर या दिवाळीत दहा खुणा शिका. त्याला मागून हाक मारू नका. खांद्यावर हलकेच हात ठेवा, समोर या, मग बोला.

गेल्या दिवाळीत संध्याकाळी अंगणात मी त्याला बैलबाजाराची गोष्ट सांगायला बसलो होतो. उपरण्याखालचा सौदा हातांनी रंगवून सांगत होतो. तो मध्येच उठला आणि माझा हात धरून मला ओढीत आकाशकंदिलाखाली घेऊन गेला. अंधारात त्याला माझे बोलणे दिसत नव्हते.