मनाचे दुखणे आणि मोती

आमच्या वाईच्या घरी कुत्रा म्हणजे अंगणातला प्राणी. उरलीसुरली भाकरी त्याला घालायची, रात्री त्याने भुंकायचे, आणि चुकून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले तर आई लाटणे घेऊन धावायची. त्यामुळे 2023 च्या मे महिन्यात आई पहिल्यांदा आमच्याकडे अमेरिकेत आली आणि मोती माझ्या खाटेशेजारी झोपतो हे तिने पाहिले, तेव्हा तिचा चेहरा कसा झाला असेल हे वाचकांना वेगळे सांगायला नको. “हौस म्हणून पाळलाय,” असे मी तिला सांगून टाकले. ते खोटे होते.

मी न्यू जर्सी राज्यात पार्सिपनी या गावी राहते. 2016 च्या जानेवारीत रूट 80 या हमरस्त्यावर बर्फावरून घसरून आमच्या मोटारीला अपघात झाला. हाड एकही मोडले नाही. पंधरा दिवसांत मी कामावर रुजू झाले. पुढे एके दिवशी दुकानात पैसे देण्याच्या रांगेत उभी असताना छातीत धडधड सुरू झाली, हातपाय गार पडले, श्वास पुरेना. हृदयविकाराचा झटका समजून इस्पितळ गाठले, तर कार्डिओग्राम अगदी चांगला! असे तीनदा झाले. रात्री अपघात पुन्हा पुन्हा स्वप्नात येई. शेवटी मनोविकारतज्ज्ञ बाईंकडे गेले. मोठ्या आघातानंतर काही माणसांच्या मनात राहून जाणारा हा ताणाचा विकार, इंग्रजीत त्याला ‘पीटीएसडी’ म्हणतात, आणि त्याच्या जोडीला भीतीचे झटके, असे त्यांनी निदान केले. सर्ट्रालिनच्या गोळ्या आणि दर आठवड्याला समुपदेशन सुरू झाले. पुष्कळ फरक पडला. पण एकटीने बाहेर पडणे काही जमेना. दुकानापर्यंत जायचे, मोटारीतच बसून राहायचे आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत यायचे.

आमच्या शेजारच्या मॉरिसटाउन गावी ‘सीइंग आय’ ही अंधांसाठी कुत्रे तयार करणारी जुनी संस्था आहे. ती 1929 साली सुरू झाली. तिचे कुत्रे गावातल्या रस्त्यांवर शिकताना दिसतात. ते पाहून मी डॉक्टरबाईंना भीतभीत विचारले. त्या म्हणाल्या, मनाच्या दुखण्यासाठीही असे कुत्रे असतात. अमेरिकेतल्या 1990 च्या अपंगविषयक कायद्याने त्यांना दुकानात, उपाहारगृहात प्रवेश आहे. मात्र कुत्र्याने दुखण्याशी संबंधित ठरावीक काम शिकलेले असले पाहिजे. नुसते जवळ बसून बरे वाटते, एवढे पुरत नाही. 2011 पासून लागू झालेल्या नियमात तसे स्पष्टच म्हटले आहे. कुत्रा मालकाने स्वतः शिकवला तरी चालतो. “आणि गोळ्या बंद होणार नाहीत,” हेही त्यांनी बजावले.

पिल्लू घ्यायला गेलो ते 2018 साली. बरोबर आलेल्या प्रशिक्षकाने लॅब्राडोरच्या सात पिल्लांजवळ स्टीलचे भांडे जमिनीवर टाकले. काही पळाली, एक भुंकतच राहिले. एक मात्र दचकून मागे सरले आणि थोड्या वेळाने परत येऊन भांड्याचा वास घेऊ लागले. तेच घेतले. नाव मोती ठेवले. इथले लोक ‘मोटी’ म्हणतात, मग हिंदी बोलणाऱ्या शेजारणी हसतात. असो.

पहिले वर्ष ‘काम’ असे काहीच नव्हते. लिफ्ट, उघडणारी छत्री, ढकलगाड्या, रडणारी मुले, जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे, या सगळ्यांकडे काणाडोळा करायला शिकवायचे. बस, थांब, सोड हे हुकूम मी मराठीतच दिले. इथल्या एका संघटनेचा निकष असा, की निदान सहा महिने आणि 120 तास शिकवणी झाली पाहिजे आणि त्यातले 30 तास सार्वजनिक ठिकाणी. आम्हाला दोन वर्षांहून जास्त लागली. 2020 मध्ये कोरोनाने सगळेच ठप्प केले, त्यात काही महिने गेले.

खरे काम कसे शिकवतात ते सांगते. झटका येण्याआधी मी नकळत अंगठ्याचे नख शेजारच्या बोटावर घासत असते, असे माझ्या यजमानांच्या लक्षात आले होते. मग रोज तीन वेळा, दहा-दहा मिनिटे, मी खुर्चीत बसून मुद्दाम नख घासायचे. मोती कुतूहलाने नाक लावायचा. नाक लागले की क्लिकर नावाची छोटी डबी ‘टक’ वाजवायची आणि खाऊचा दाणा द्यायचा. काही आठवड्यांनी नख घासले की नाक आलेच! त्यानंतर ‘टेक’ म्हटले की पुढचे दोन पाय आणि छाती माझ्या मांडीवर टेकवून, ‘पुरे’ म्हणेपर्यंत अंगाचा भार देऊन राहायचे. त्या भाराने माझा श्वास हळूहळू ताळ्यावर येतो. ‘दार’ म्हटले की ज्या दाराने आत आलो तिकडे मला न्यायचे. रात्रीचे शिक्षण सर्वांत अवघड. मी पांघरुणात पाय झाडून कण्हण्याचे नाटक करायची, आणि मोतीला तो खेळ वाटून तो माझा मोजा घेऊन पळायचा. यजमान हसून हसून बेजार.

पुढे पुढे मी नख घासण्याआधीच मोती नाक लावू लागला. मला तो योगायोग वाटे. पण 2022 साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी चार कुत्र्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच माणसाचे, आधीचे आणि अवघड गणिताचा ताण दिल्यानंतरचे, घामाचे व श्वासाचे नमुने त्यांनी कुत्र्यांपुढे ठेवले. ताणाचा नमुना कुत्र्यांनी 93.75 टक्के वेळा बरोबर ओळखला. म्हणजे ताणाला वास असतो, आणि तो कुत्र्याला कळतो!

बाहेरच्या जगात सर्वांत जास्त त्रास आपल्याच माणसांचा झाला, हे लिहायला वाईट वाटते. इथल्या कायद्याप्रमाणे दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे? दुखणे कोणते हे विचारता येत नाही. कुत्रा आवरला नाही किंवा त्याने घाण केली, तर मात्र बाहेर काढता येते, आणि ते योग्यच आहे. एका भारतीय किराणा दुकानात मालक सर्वांदेखत म्हणाले, “ताई, तुम्ही तर चांगल्या धडधाकट दिसता!” त्या दिवशी मी तूरडाळ न घेताच परत आले.

एक चूक माझीही. मोती तयार झाल्यावर, 2021 मध्ये, मला वाटले की आता गोळ्यांची गरज नाही. कोणाला न विचारता बंद केल्या. चक्कर, चिडचिड आणि तिसऱ्या आठवड्यात इतका मोठा झटका, की मोती मांडीवर असूनही उपयोग होईना. डॉक्टरबाई रागावल्या. 2024 साली अमेरिकेतल्या 156 माजी आणि सेवेतल्या सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीन महिन्यांनंतर कुत्रा मिळालेल्यांचा त्रास, प्रतीक्षा यादीतल्यांपेक्षा कमी आढळला. पण कुत्रा होता तो नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे.

आता आईकडे वळते. ती येऊन बारा-तेरा दिवस झाले असतील. यजमान परगावी होते, म्हणून ती माझ्या खोलीत झोपली होती. रात्री मला ते स्वप्न पडले. जाग आली तेव्हा मोतीचे पाय माझ्या छातीवर होते, तो माझे तोंड चाटत होता आणि आई दिवा लावून उभी होती. मी म्हटले, “काही नाही गं आई, झोप.” ती झोपली नाही. खाटेच्या काठावर बसून तिने विचारले, “कधीपासून होतंय हे?” मग मी सात वर्षे दडवलेले सगळे सांगितले. अपघाताचेसुद्धा, कारण तोही तिला धड सांगितला नव्हता.

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “तुझ्या आत्याला असंच व्हायचं. आम्ही तिला अंगाऱ्याला नेत होतो. डॉक्टर कुणाला सुचलाच नाही गं.” आत्या आमच्याकडे माजघरातच बसून असायची. आम्ही मुले तिला आळशी म्हणत असू.

दुसऱ्या दिवसापासून आई मोतीशी बोलू लागली. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा कुत्र्याला बाधतो हे तिला पटवताना मात्र नाकी नऊ आले, कारण सत्यनारायणाचा प्रसाद त्यालाही मिळालाच पाहिजे असा तिचा हट्ट!

आपल्याकडे अशा कुत्र्यांसाठी अमेरिकेसारखा कायदा नाही. पण 2016 च्या अपंग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. आणि घरात कोणाला असा त्रास असेल, तर 2022 पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येते.

मोतीला आता आठवे वर्ष लागले आहे. जिना चढताना मागचा पाय जरा ओढतो. असे कुत्रे साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास कामातून निवृत्त करतात. नवीन पिल्लू आणायचे तर शिकवायला दोन वर्षे जाणार, म्हणजे यंदाच आणले पाहिजे, असे प्रशिक्षकाचे म्हणणे. यजमानांचेही तेच मत. माझे मन अजून तयार होत नाही. परवा फोनवर आई म्हणाली, “आण गं. पण मोतीची जागा खाटेजवळचीच ठेव.”