खाऊ असावा, बक्षीस नसावा

"सबक पाठ झाला तर चॉकलेट", "रडू नकोस, कुरकुरे आणून देते." बाभुळगाव असो की यवतमाळ, ही वाक्यं आपल्या घरांत रोजची झाली आहेत. त्यात माया असते. पण मूल त्यातून वेगळंच शिकतं: अभ्यास म्हणजे शिक्षा आणि गोड म्हणजे त्याची भरपाई.

मानसशास्त्रज्ञ लीन बर्च आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये लहान मुलांवर अभ्यास केला. जो पदार्थ बक्षीस म्हणून दिला, त्याची आवड मुलांमध्ये वाढली. म्हणजे पाकिटाची ओढ आपणच लावतो. 2017 मध्ये राज्य सरकारने शाळेच्या कॅन्टीनमध्ये चिप्स, थंड पेयं यांवर बंदी घातली. घरातला नियम मात्र आपणच करायचा आहे.

सुरुवात सोपी आहे. खाऊची वेळ ठरवा, समजा असरच्या नमाजनंतर. फुटाणे, केळी, उकडलेलं अंडं, जे असेल ते सगळ्या भावंडांना सारखं द्या. सबक येवो अथवा न येवो. शाबासकी शब्दांनी द्या, तीही नेमकी: "आज एकही अक्षर अडलं नाही." बक्षीस द्यायचंच तर अब्बूंसोबत सायकलवर एक चक्कर, दादीकडून एक जास्तीची गोष्ट. पहिले काही दिवस मूल हट्ट करील. तेव्हा घरातल्या सगळ्यांचा शब्द एक हवा. आणि थकवा आला की आपणही मिठाईचा डबा उघडत असू, तर मुलं तेही पाहतात.

शीरखुर्म्याची गोडी ईदला असते, कारण तो रोज मिळत नाही.