पाण्यावरची रात्र गार का नसते?

दुबईतल्या करामा भागात गल्लीतल्या खोलीचा एसी बंद पडला, की तिथल्या खाडीत नांगरलेल्या लाकडी गलबतांवरच्या खलाशांचा हेवा वाटू शकतो. पाण्यावर राहणारा माणूस गारव्यात असेल, ही समजूत कोकणातल्या विहिरीवरून आलेली दिसते. उन्हाळ्यात ती इथे लागू पडत नाही. पर्शियन आखाताची सरासरी खोली जेमतेम 35 मीटर. एवढं उथळ पाणी लवकर तापतं आणि ऑगस्टमध्ये त्याच्या पृष्ठभागाचं तापमान 32 अंशांच्या वर जातं. साठवलेली उष्णता पाणी वाळूइतक्या झटपट सोडतही नाही. म्हणून वाळवंटातली वाळू पहाटे गार होते, गलबताखालचं पाणी मात्र कोमटच राहतं.

कुणी म्हणेल, डेकवर वारा तर असतो! असतो, पण तो समुद्रावरून आला की दमट असतो. आपलं शरीर गार होतं ते घाम वाळल्याने. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता नेतो. हवाच बाष्पाने भरलेली असेल, तर घाम नुसता ओघळतो. खिडकीला ओला पडदा लावून हवा गार करण्याची आपली युक्तीही तिथे फसते. जमिनीकडून कोरडा वारा सुटला, तरच डेकवरची झोप सुसह्य. जानेवारीत मात्र खाडीचं पाणी विशीच्या आसपास येतं, आणि तेव्हा त्याच डेकवर पांघरूण लागतं.