सही कोणाची, मर्जी कोणाची?



आज दानाबद्दल बोलू. देवळातल्या दानपेटीबद्दल नाही, रक्ताबद्दल आणि अवयवांबद्दल. ‘रक्तदान श्रेष्ठदान’ ही पाटी तुम्ही दवाखान्याच्या भिंतीवर वाचली असेल. पाटी खरी आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत, बाळंतपणात अतिरक्तस्राव होणाऱ्या बाया आहेत, आणि रक्त काही कारखान्यात तयार होत नाही. कोणी दिलं तरच ते मिळतं. पण त्या पाटीवर एक गोष्ट लिहिलेली नसते. दान ज्याचं त्यानंच द्यायचं असतं. दुसऱ्याच्या बांधीतला धान उचलून आपण मंदिरात नेऊन दिला, तर त्याला कोणी दान म्हणणार नाही. बायांच्या बाबतीत मात्र शरीर तिचं आणि ‘देऊन टाक’ म्हणणारे भलतेच, असं होतं. म्हणून आजचा विषय दानापेक्षा संमतीचा आहे.

कागदावर सही किंवा अंगठा झाला की संमती झाली, असं आपण समजतो. गटाच्या कर्जाच्या कागदावर सही करताना आपण एकमेकींना काय सांगतो? रक्कम बघ, व्याज बघ, हप्ता बघ, पटलं नाही तर सही करू नको. मग शरीराच्या कागदाला हे किती जास्त लागू आहे! काय काढणार, कशासाठी काढणार, नंतर मला काय त्रास होऊ शकतो, हे तिला तिच्या बोलीत कळलं पाहिजे. तिला प्रश्न विचारता आले पाहिजेत. आणि तिनं ‘नाही’ म्हटलं तर त्या घरात तिचं खाणंपिणं, मानपान, मुलांचं काही बिघडता कामा नये. ही शेवटची अट सगळ्यात अवघड आहे.

आधी रक्ताचं सांगते, ते त्यातल्या त्यात सोपं. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन निदान १२.५ असेल तर रक्त देता येतं. पुरुषानं दोन वेळांत तीन महिन्यांचं अंतर ठेवायचं, बाईनं चार महिन्यांचं. गरोदर बाईनं, अंगावर पाजणारीनं, बाळंत होऊन वर्ष झालं नाही तिनं, आणि पाळी चालू असताना रक्त द्यायचं नाही. आता आपल्यातल्या किती जणींचं हिमोग्लोबिन १२.५ भरतं? रोवणीचे दिवस संपता संपता तपासून बघा. शिबिरातून परत पाठवलं तर मान खाली घालायचं कारण नाही. त्या दिवशी तुम्हाला तुमच्याच तब्येतीची खबर मिळाली असं समजा, आणि आशाताईकडे जाऊन लोहाच्या गोळ्या सुरू करा.

इथं मला एक बोलायचंच आहे. शिबिर भरवायचं म्हणून ‘प्रत्येक गटातून पाच बाया आणा’ असा आकडा ठरवणं मला अजिबात आवडत नाही. बचतीचा आकडा ठरवता येतो, रक्ताचा नाही. आकडा पुरा करायला जी येते ती अध्यक्षाला नाही म्हणता येत नाही म्हणून येते. शिबिरात चहा, बिस्किट, प्रमाणपत्र ठीक आहे. पण रक्ताच्या बदल्यात डबा नाहीतर साडी वाटायला लागलो तर दान आणि मजुरी यात फरक काय उरला?

रक्त देण्याआधी एक प्रश्नांचा कागद भरून घेतात. कावीळ झाली होती का, कोणती औषधं चालू आहेत, असे प्रश्न त्यात असतात आणि अगदी खाजगी, नवराबायकोच्या संबंधांबद्दलचेही असतात. शेजारी सासू उभी आहे, समोर सरपंच फोटो काढतायत, तिथं कोणती बाई खरं उत्तर देईल? आणि खरं उत्तर तर हवंच. गोळा केलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया अशा पाच रोगांसाठी तपासणी होते. पण लागण अगदी ताजी असेल तर तपासणीतही ती सुटू शकते. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमिया असलेल्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचं समोर आलं, आणि ती रक्त चढवण्यातून झाल्याचं सांगितलं गेलं. त्यातलं एक मूल दगावलं. त्या लेकरांना महिन्याच्या महिन्याला रक्त घेतल्याशिवाय गत्यंतर नसतं. म्हणून शिबिर तुमच्या गावात असेल तर प्रश्न विचारायला आडोशाची वेगळी जागा मागून घ्या, आणि कोणी आयत्या वेळी ‘मला नाही द्यायचं’ म्हणाली तर कारण विचारू नका.

रक्त विकणं आपल्या देशात बंद आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त घ्यायला बंदी आली. रक्तपेढी जे पैसे घेते ते तपासणीचे आणि साठवणीचे, रक्ताचे नाहीत. सरकारी रक्तपेढीत सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णाला तर ते पैसेही द्यावे लागत नाहीत. तेव्हा दवाखान्याच्या फाटकावर ‘इतके द्या, माणूस आणतो’ असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ चालू लागा.

आता किडनीचं. माणूस जिवंत असताना दोनपैकी एक किडनी देऊ शकतो, त्यामुळे खरी कसोटी इथं लागते. यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे, २०११ मध्ये त्यात सुधारणा झाली. आईवडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, नवरा, बायको, आजीआजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. याखेरीज कोणी देणार असेल तर प्राधिकार समिती चौकशी करते आणि पैशाचा व्यवहार नाही ना, हे बघते.

कायदा नीट आहे. पण देतं कोण आणि घेतं कोण ते बघा. अवयव प्रत्यारोपणाची नोंद ठेवणारी देशाची संस्था आहे, तिला नोटो म्हणतात. तिच्या आकड्यांप्रमाणे १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली. त्यात ६,९४५ बायांची, बाकी सगळी पुरुषांची. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये दहापैकी सहाहून जास्त बायाच. पुरुषांच्याच किडन्या जास्त बिघडतात, असं कोणी म्हणेल. काही अंशी तेही असेल. पण एवढा फरक त्यानं भरून निघत नाही.

आपल्याला कारण माहीत आहे. घरात कोणाची किडनी गेली की चर्चा बसते. मोठा मुलगा कमावता, त्याला कसं सांगायचं? धाकट्याचं लग्न व्हायचं आहे. दीर शेतीचं बघतो. मग सगळ्यांच्या नजरा सुनेकडे नाहीतर आईकडे वळतात, कारण ‘ती घरीच तर असते’. घरी असणारी ही बाई पहाटे पाणी भरते, दिवसभर चिखलात वाकून रोवणी करते, संध्याकाळी सरपणाचा भारा आणते. ऑपरेशननंतर काही आठवडे तिला जड उचलता येणार नाही, आणि पुढं जन्मभर वर्षातून एकदा तरी बीपी, रक्त, लघवी तपासावी लागेल. तेव्हा भारा कोण आणणार आणि तपासणीला नागपूरला कोण नेणार, हे त्याच चर्चेत ठरलं पाहिजे. तिच्यावर अशी पाळी आली तर घरातून कोण पुढं येईल, हेही एकदा मोठ्यानं विचारायला हरकत नाही.

देऊ नका असं मी म्हणत नाही. आई लेकरासाठी देते, बायको नवऱ्यासाठी देते, आणि मनापासून देते. निरोगी माणूस एका किडनीवर चांगलं जगतो. फक्त ते मनापासून आहे की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी तिला एकटीला विचारलं पाहिजे. ही माझ्या मनची गोष्ट नाही. २०१४ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की देणारी बाई असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती, ज्याला किडनी मिळणार आहे त्याच्याशिवाय दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यायची. म्हणजे नवरा ‘ही तयार आहे’ म्हणाला, एवढ्यानं भागत नाही. आणि देणाऱ्याच्या अर्जात हेही लिहिलेलं असतं की ऑपरेशनच्या आधी कधीही मी माझी संमती मागे घेऊ शकते. सही झाली, तारीख ठरली, नातेवाईक जमले, तरी.

कोणावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना नाहीतर दवाखान्यातल्या समाजसेवकाला ‘मला एकटीला बोलायचं आहे’ असं सांगा. मनातून तयार नसलेल्या बाईला घरात त्रास होऊ नये म्हणून पुष्कळ डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात, की तपासणीत ही दाता म्हणून बसत नाही. ते खोटं आहे की नाही यावर वाद घालणारे घालोत, माझ्या मते ते योग्यच आहे.

दुसरा दबाव कर्जाचा, आणि हा तर आपल्या गटांच्या कामातलाच विषय आहे. २०१५ च्या शेवटी अकोल्यात किडनी विक्रीचं प्रकरण उघड झालं. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या गरीब माणसांना गाठून किडनी विकायला लावल्याचे आरोप झाले, काहींना श्रीलंकेपर्यंत नेल्याचं तपासात निघालं. २०२२ मध्ये पुण्यात कोल्हापूरकडची एक बाई, १५ लाख रुपये देऊ या बोलीवर, रुग्णाची बायको म्हणून उभी केली गेली. पैसे मिळाले नाहीत तेव्हा तिनंच ते बाहेर काढलं. आणि २०२५ च्या डिसेंबरात आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातून, नागभीड तालुक्यातून, बातमी आली की एका शेतकऱ्यानं सावकाराचं देणं फेडायला कंबोडियात जाऊन किडनी विकली. नागभीड आपल्या पवनीपासून लांब नाही.

या माणसांनी सह्या केल्याच असतील. पण दारात सावकार उभा असताना केलेली सही कसली संमती? शिवाय कायदा गरिबी बघत नाही. अवयवाच्या खरेदी-विक्रीला ५ ते १० वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड आहे, आणि विकणाराही त्यातून सुटत नाही. म्हणून गटातली एखादी अचानक बैठकीला यायची बंद झाली, आठवडी हप्त्याच्या दोनतीन कंपन्यांचं कर्ज तिच्या डोक्यावर आहे असं कळलं, तर वसुलीची गोष्ट मागे ठेवून आधी तिच्या घरी जा. घरात किडनीचा रुग्ण असेल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसही आहे आणि किडनी प्रत्यारोपणही आहे, एवढं तिला सांगा.

राहिलं मरणानंतरचं. यात दोन गोष्टींची गल्लत होते. डोळे कुठल्याही मरणानंतर, घरी मरण आलं तरी, सहा तासांच्या आत देता येतात. पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, डोकं थोडं उंच करायचं आणि नेत्रपेढीला कळवायचं. किडनी, यकृत, हृदय मात्र बहुतेक वेळा माणूस दवाखान्यात मशीनवर असताना मेंदू मृत झाला तरच देता येतात. आपल्या साकोली, लाखनी, भंडाऱ्याच्या मोठ्या रस्त्यावर मोटारसायकलीचे अपघात होतात, डोक्याला मार लागतो, त्यात अशी वेळ येते. (हेल्मेटबद्दल पुन्हा कधीतरी बोलेन, आज वेळ कमी आहे.)

छाती तर वरखाली होते आहे, अंग कोमट आहे, मग मेला कसा, असा प्रश्न पडणारच. श्वास मशीन देत असते. मेंदू मृत झाला की नाही हे चार डॉक्टर ठरवतात, मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून. अवयव बसवणारे डॉक्टर त्या चौघांत नसतात. ‘अवयव मिळावेत म्हणून लवकर मेला म्हणतात’ या भीतीवरचा हाच बंदोबस्त आहे. विदर्भात मरणोत्तर अवयवांची यादी नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र बघतं. कोणाला मिळालं ते घरच्यांना सांगत नाहीत, आणि त्याचे पैसे देतही नाहीत, घेतही नाहीत.

मग कागद पुढं येतो आणि सही जवळच्या नातेवाईकाची लागते. नवरा गेला असेल तर बायको जवळचीच. पण ती कोपऱ्यात रडत असते आणि कागद दिरांच्या हातात फिरतो. माझं म्हणणं एवढंच, की तिला आधी विचारावं, थोडा वेळ द्यावा, पाणी द्यावं. तिनं नाही म्हटलं तर ते नाहीच, आणि त्यासाठी तिला कोणी मोठेपणाचे धडे देऊ नयेत.

मरणाऱ्याची इच्छा आधी माहीत असली तर तिचं ओझं पुष्कळ हलकं होतं. दानाचा अर्ज तुम्ही आज भरू शकता, पण सही करून पेटीत ठेवलेल्या कार्डाचा त्या रात्री काही उपयोग होत नाही. दवाखान्यात घरच्यांनाच विचारतात. म्हणून जेवताना नवऱ्याला, मुलांना, सासूला सांगून ठेवा, द्यायचं असेल तरी आणि द्यायचं नसेल तरी. माहिती हवी असेल तर नोटोचा नंबर मोफत आहे, लिहून घ्या: १८००-११-४७७०.