ट्रकचे मूळ रूप कोणाचे?

बँकेच्या नोकरीतील बरीच वर्षे मी बीड जिल्ह्यातील शाखांमध्ये काढली. त्या काळी मालट्रकसाठी कर्जाचा अर्ज आला की सोबत दोन दरपत्रके असत. एक चासीचे, कंपनीच्या विक्रेत्याने दिलेले, छापील. दुसरे बॉडी बांधणाऱ्या मिस्त्रींचे, बहुधा हाताने लिहिलेले. पहिल्याकडे आम्ही निःशंकपणे पाहत असू, दुसऱ्याकडे किंचित संशयाने. परंतु पासिंग होऊन तोच ट्रक तपासणीसाठी बँकेसमोर उभा राहिला, की नजरेत भरे ते दुसऱ्या कागदावरचे काम. लाकडी हौदा, मागचा फाळका, केबिनवरचा टप आणि पेंटरने रेखाटलेली वेलबुट्टी, हे सारे त्या मिस्त्रींच्या हातचे असे.

अशाच एका मिस्त्रींची अलीकडे मांजरसुंब्याजवळ त्यांच्या शेडमध्ये पुन्हा गाठ पडली. आता कारखान्यांतून तयार केबिनचे ट्रक येतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलनही सक्तीचे झाले आहे. साहजिकच शेडमधील काम घटले आहे. मिस्त्री आता हौशी लोकांच्या मागणीप्रमाणे गाड्या घडवून देतात. त्यांच्या मनात मात्र वेगळेच होते. एका आडत व्यापाऱ्याच्या जिनिंगच्या आवारात पडून असलेला, साठच्या दशकातील टाटा-मर्सिडीज ट्रक त्यांनी विकत घेऊन दुरुस्त केला आणि जुनी वाहने जपणाऱ्या एका हौशी मंडळाकडे मोठ्या आशेने नेला.

"साहेब, त्यांनी चहा पाजला, पण ट्रक रांगेत उभा करू दिला नाही," मिस्त्री म्हणाले. "म्हणाले, तुम्ही व्यावसायिक, तुम्ही गाड्या बदलता, आम्ही जपतो."

हा आक्षेप निराधार नव्हता. मिस्त्रींनी लाकडी तळ काढून चौकटीदार लोखंडी पत्रा बसवला होता, चकाकणारा नवा रंग दिला होता आणि स्टिअरिंगही दुसऱ्या गाडीचे जोडले होते. ग्राहकाला आवडते ते करण्याची चाळीस वर्षांची सवय त्यांच्या हातांना होती. हौशी मंडळींची भीती अशी, की पैसे घेऊन गाडी सजवणारा माणूस एकदा आत आला की जुने काय आणि नवे काय, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

कायद्याचा कलही त्याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना वेगळी नोंदणी मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये. अशा वाहनाचा रोजचा किंवा व्यापारी वापर करता येत नाही. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेले वाहन त्यात बसत नाही. हे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खासगी मोटारी व मोटारसायकली होत्या, हे उघड आहे.

मोटारीला मूळ रूप एकच असते. ती कारखान्यातून पूर्ण होऊन निघते. आपल्याकडच्या ट्रकचे मात्र तसे नव्हते. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो ट्रक रस्त्यावर आले. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला. १९६९ मध्ये तो संपला आणि ट्रकवरच्या ताऱ्याची जागा टाटांच्या 'टी'ने घेतली. या ट्रकांपैकी कितीतरी केवळ चासी, इंजिन आणि दर्शनी भाग एवढ्यावरच विकले जात. डोक्याला फडके गुंडाळून, उघड्यावर बसून चालक ती चासी शेकडो मैल चालवत आणत. पुढचा ट्रक गावोगावच्या शेडमध्ये घडे. कापसाच्या गाठी वाहायच्या की भुसार, यावर हौद्याची उंची ठरे. मग अशा ट्रकचे 'मूळ रूप' जर्मनीत शोधायचे, जमशेदपूरला, की मांजरसुंब्याच्या शेडमध्ये? मिस्त्रींना परका म्हणणारे खरे तर मूळ रूपाच्या एका निर्मात्यालाच दाराबाहेर ठेवत होते.

तरीही केवळ हक्क सांगून मान मिळत नाही. मी त्यांना बँकेतली रीत सांगितली: हिशेब चोख असेल तर परका माणूसही विश्वास ठेवतो. जगभरच्या जुन्या वाहनप्रेमींची 'फिवा' ही संघटना १९६६ पासून काम करते. तिच्या ट्यूरिन सनदेचे सांगणेही याहून वेगळे नाही. जपणूक आणि पुनर्बांधणी यांत भेद करावा, बदललेल्या भागांवर कायमची खूण करावी आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवावी.

मिस्त्रींनी एक जाड वही घेतली. तिच्यात तीन रकाने पाडले: जुने आहे तसे, जुने दुरुस्त केलेले, नवे घातलेले. लोखंडी तळ निघाला, फळ्या परत आल्या, त्यांच्या खालच्या बाजूस वर्ष कोरले गेले. स्टिअरिंग अद्याप मिळालेले नाही. वहीत तसे प्रामाणिकपणे लिहिलेले आहे. मंडळाचे सदस्यत्व त्यांना अजून मिळालेले नाही. परंतु ती वही पाहून मंडळातीलच एका गृहस्थांनी आपल्या जुन्या ट्रकचा कुजलेला हौदा त्यांच्याकडे सोपवला आहे. सोबत एकच अट घातली, "नवे काही करू नका, तुमच्या वडिलांनी बांधला असता तसा बांधा." ते सांगताना मिस्त्रींचा आवाज भरून आला होता.

आपल्या व्यापारी घराण्यांशी या गोष्टीचा थेट संबंध आहे. आपल्या वाडवडिलांचा माल याच ट्रकांनी पेठेपर्यंत नेला. एखादा अजूनही गोदामामागे उभा असेल. त्याला भंगारात घालण्यापूर्वी पेढीच्या जुन्या वह्या एकदा उघडून पाहाव्यात. बॉडीचे बिल, पासिंगचा कागद, ट्रकला हार घातलेले एखादे छायाचित्र सापडले तर ते जपून ठेवावे. त्या बिलावर कदाचित एखाद्या मिस्त्रींचे नाव असेल. त्यांच्या कामाचा तोच एकमेव लेखी पुरावा उरला असण्याची शक्यता आहे.