शाळेच्या निकालाचा आकडा कसा वाचायचा?



जूनच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी अंतर्गत कर्जाचा अर्ज ठेवला. अठरा हजार रुपये. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोराला तालुक्याच्या इंग्लिश शाळेत घालायचंय. आपल्या शाळेचं काही खरं नाही. तिसरीचा गणिताचा निकाल ८२ वरून ६० वर आलाय." कोणीच काही बोललं नाही, कारण आकडा खोटा नव्हता. शेवटी सचिव ताईंनी विचारलं, "तुझ्या पोराला किती पडले?" ते त्यांना माहीतच नव्हतं.

दोन दिवसांनी आम्ही तिघीचौघी शाळेत गेलो. गुरुजींनी यादीच पुढे ठेवली. तिसरीत मुलं पाच. चौघांना ६८, ७०, ७४ आणि ७६. पाचव्याला १२. पाचांची बेरीज ३००, म्हणून सरासरी ६०. तो पाचवा मुलगा आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला होता. मार्चअखेर परत आला आणि एप्रिलमध्ये परीक्षेला बसला. त्याला बाजूला ठेवलं तर उरलेल्यांची सरासरी ७२. आणि ताईंच्या पोराला होते ७४!

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत एका वर्गात पाच-सात मुलं असणं काही नवीन नाही. एवढ्या लहान वर्गात एका पोराने सगळा आकडा खाली येतो, तसा एका हुशार पोरीने वरही जातो. शिवाय मागच्या वर्षीचे ८२ ज्या मुलांचे होते, ती मुलं चौथीत गेली. यंदाची तिसरी म्हणजे दुसरीच मुलं. बकऱ्या बदलल्या तर दूध कमीजास्त होणारच. लगेच चाऱ्याला दोष देऊन कसं चालेल?

आता ही परीक्षा कोणती, ते सांगते. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांत नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते, शाळेत तिला 'पॅट' म्हणतात. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या तीन विषयांची. सत्राच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, तिच्यात मागच्या इयत्तेतलं किती पक्कं आहे ते बघतात. मग पहिल्या सत्राअखेर संकलित एक आणि वर्षाअखेर संकलित दोन. प्रश्नपत्रिका राज्यभर एकच, म्हणून गडचिरोलीचं पोर आणि कोल्हापूरचं पोर एकाच मापाने मोजलं जातं. विनाअनुदानित इंग्लिश शाळा मात्र आपला पेपर आपणच काढतात. तिथले ९० आणि इथले ६० शेजारी ठेवणं म्हणजे एकाच्या पायलीची दुसऱ्याच्या किलोशी तुलना. तिथलं शिक्षण वाईट असं माझं म्हणणं नाही, पण आकड्यावरून ते कळत नाही.

मग आपलं पोर शिकतंय की नाही, हे कळायचं कसं? त्याची एक साधी रीत आहे. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते. तिची माणसं शाळेत नाही, घरी येतात. एकेका मुलासमोर कागद धरतात: आधी अक्षरं, मग शब्द, मग सोपा उतारा, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. बस्स. असर २०२४ मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या शंभर मुलांपैकी साधारण २३ जणांनाच ती गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये तर ती १६ होती. म्हणजे काळजी खोटी नाही बायांनो, फक्त ती योग्य जागी करायला हवी.

हे घरीही जमतं. दुसरीच्या पुस्तकातला धडा पोराला वाचायला द्या, पण पाठ झालेला नको. पोरं फार हुशार असतात, पाठ म्हणतात आणि बोट ओळींवरून फिरवतात! त्यापेक्षा एस.टी.ची पाटी, खताच्या पिशवीवरचा मजकूर, गटाच्या रजिस्टरची एक ओळ वाचून घ्या. आपल्याला स्वतःला वाचता येत नसलं तरी कान आहेत. पोर एकेक अक्षर सुटं म्हणतंय की बोलल्यासारखं सलग वाचतंय, हे चुलीपाशी बसूनही कळतं. वाचलेलं काय होतं ते नंतर सांग म्हणायचं. मग ५२ मधून ३७ वजा करायला लावा. १५ आले तर हातचा कळलाय. २५ आले तर सातातून दोन वजा करून मोकळं झालंय, ही नेहमीची चूक.

शाळेत गेल्यावर टक्के विचारू नका. पोराची उत्तरपत्रिका बघायला मागा आणि कोणत्या प्रकारचे प्रश्न चुकले ते विचारा. हे विचारायला लाजू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. पुष्कळ गावांत आपली नावं समितीत असतात, सही घरी येऊन घेतली जाते आणि बैठक कधी झाली ते आपल्याला कळतही नाही. बैठकीची तारीख आधी मागायची.

आमच्या ताईंनी त्या रात्री पोराला ओट्यावर बसवलं. गोष्ट त्याने घडाघडा वाचली. वजाबाकीत मात्र २५ आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुरुजींना ते दाखवलं. आता रोज संध्याकाळी काड्यांचे दहादहाचे जुडगे बांधून, एक जुडगा सोडून वजाबाकी चाललीये. त्या ऊसतोडवाल्या घरचा मुलगाही तिथंच येऊन बसतो. कर्जाचा अर्ज ताईंनी मागे घेतलेला नाही. पायाभूत चाचणीची उत्तरपत्रिका बघितल्यावर काय ते ठरवू, म्हणाल्या. तोपर्यंत तो रजिस्टरमध्ये तसाच ठेवलाय.